मे महिन्यातलं माप

खिडकीतून अख्खा डिसेंबर आत येत होता आणि कृष्णकांतराव त्या भोकासमोर हातात टेप धरून हताश उभे होते. नागपूरच्या धंतोलीतलं त्यांचं घर आजोबांच्या काळातलं. सागवानी खिडक्या दिसायला राजेशाही, पण फटींतून वारा शिट्टी घालत यायचा. आज संध्याकाळी त्यांची लेक गार्गी बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येणार होती. बाळ दिवस भरायच्या महिनाभर आधीच जन्मलेलं. 'खोलीत वारं नको,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिच्या खोलीची, कित्येक महिने रखडलेली खिडकी आज बदलायला काढली. जुनी निघाली, पण नवी पुरेना.

"काकाजी, खाली दोन हात जागा उरून राहिली," भैय्याजी मिस्त्री म्हणाले.

"तुमी मापच चुकवलं!"

"माप तुमीच देल्लं न! मे महिन्यात, फोनवर."

कृष्णकांतरावांनी कपाळावर हात मारला. मे महिन्यात त्या खिडकीत कूलर होता आणि त्यांनी कूलरच्या डोक्यापासून वरचं माप घेतलं होतं. नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात कूलर म्हणजे भिंतच वाटते, त्याला ते तरी काय करणार!

"जुनीच लावून द्या परत," त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई शाल आवळत म्हणाल्या.

"नत्थू कबाडी घेऊन गेला वं सकाळीच," कृष्णकांतराव म्हणाले.

"काय बाप्पा! लेकरू येऊन राहिलं अन् तुम्ही खिडकी विकून बसले?"

चादर बांधली, ती फुगली. गादी कोंबली, ती बाहेर तुळशीवर पडली. नातवाला सर्दी झाली तर गार्गीला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने कृष्णकांतरावांना त्या थंडीतही घाम फुटला.

"काकाजी, तो कूलर कुठं आहे?" भैय्याजींनी विचारलं.

गच्चीवरून कूलर खाली आला. उरलेल्या जागेत तो असा बसला, की बाजूने कागदही जाईना. बाहेरून त्याला ताडपत्री गुंडाळली. वारा थांबला.

गार्गी आली, पण बाळ काही केल्या रडायचं थांबेना. जावई पुष्कर दिवा लावायला गेले आणि त्यांनी भलतंच बटण दाबलं. कूलर घरघरला.

"बंद करा!" सगळे एकदम ओरडले.

पण टाकी कोरडी, मागे ताडपत्री. वारा आलाच नाही, नुसता आवाज. आणि त्या घरघरीनं बाळ गाढ झोपलं.

चार दिवसांनी भैय्याजी योग्य मापाची खिडकी घेऊन दारात उभे राहिले.

"हळू बोला गा," कृष्णकांतराव कुजबुजले. आत कूलर घरघरत होता. "आता उन्हाळ्यातच या. तवा कूलर काढू."