साखर डावीकडं, मीठ उजवीकडं

हमीदचाचांच्या घरात संध्याकाळी दिवा लागत नसे. बल्ब होता, बटण होतं, वीजही होती. तरी दिवेलागणीला अख्खी छावणीची वस्ती उजळली की आमच्या शेजारचं ते एक घर काळोखात बसलेलं असायचं, आणि दारापुढच्या ओट्यावर खुर्चीत चाचा. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "भिंतींना कायकू उजेड दाखवायचा, बाई? त्यांना कुठं जायचंय?"

मला हा माणूस चिक्कू वाटायचा. आता खोटं कशाला बोलू? मी शाळेत शिकवते, दिवसभर पोरांवर ओरडते, आणि घरी आल्यावर खोल्याखोल्यांत दिवे जाळते. माझ्या घरात कात्री एकदा हरवली की थेट दिवाळीला सापडते. त्यामुळं पलीकडं एक म्हातारा बाईमाणसाशिवाय टापटिपीचा संसार करतोय, हे मला मुळी सोसतच नव्हतं.

चाचा मूळचे सिल्लोडचे. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं पोस्ट जाऊन हिंदुस्थानचं आलं, त्या सुमाराला ते गावागावांची पत्रं छाटून खान्यांत टाकायच्या कामावर लागले. शिक्षण सगळं उर्दूत. मराठी शिकले ती पाकिटांवरचे पत्ते वाचून. म्हणून बोलता बोलता कुठल्या गावाचं नाव निघालं की चाचा मध्येच तालुका आणि जिल्हा जोडून द्यायचे. मी देवगाव रंगारीची म्हटल्यावर पहिल्या भेटीतच म्हणाले, "तालुका कन्नड. खाली उजव्या हाताचा खाना." मला वाटलं, माझ्या माहेराला नावं ठेवतायत.

पस्तीस वर्षं त्यांनी लाकडी खान्यांत पत्रं टाकली, आणि निवृत्त झाल्यावर तीच तऱ्हा स्वयंपाकघरात आणली. म्हणजे मला तरी तसंच वाटायचं. भिंतीतल्या फडताळात प्रत्येक डब्याची जागा ठरलेली. झाडू कुठं, सांडशी कुठं, दाराची किल्ली कुठल्या खिळ्याला, सगळं कायम. "हर चीज का एक खाना," हे त्यांचं पालुपद. "बाई, घर पैशानं नाय चालत, हातानं चालतं. हात गेला अन् चीज मिळाली, की बरकत."

स्टोव्ह दिवसातून एकदाच पेटायचा. आधी डाळ. ती उतरली की भात. भात झाकून ठेवला की उरलेल्या धगीवर अंघोळीचं पाणी. तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला. साबणाचे उरलेसुरले तुकडे जुन्या पायमोज्यात भरून त्याला गाठ मारलेली, तो मोजा फेस देत देत महिनाभर पुरायचा. भाजीवाला तर त्यांना बघून गाडा वळवायचा, कारण चाचा कांद्याची पिशवी नुसती हातात धरून सांगायचे, "दोन कांदे कमी हायत." एकदा त्यानं चिडून पुन्हा तोललं. दोन कांदे निमूट टाकले.

आणि चष्मा. चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात असे, नाकावर नसे. पुण्याहून अन्वरचं पत्र आलं की ते घेऊन माझ्याकडं यायचे. अन्वर हा त्यांचा एकुलता एक, आमच्याच शाळेत शिकलेला, म्हणून पत्र मराठीत. "तुम्हीच वाचा, मास्तरीणबाई. वापरला की चष्मा झिजतो."

मी ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत सांगून सगळ्यांना हसवलं होतं. त्याची आज लाज वाटते.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर असंच एक पत्र आलं. मी वाचत गेले आणि मध्येच थांबले. अन्वरनं लिहिलं होतं की, अब्बा, मी शुक्रवारी येतोय. अम्मीला जाऊन चार वर्षं झाली. तुमचं एकट्याचं निभत नसेल, तर या खेपेला तुम्हाला सोबत घेऊनच जाईन, घराला कुलूप लावू.

चाचांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडीवर घडी घातली. मग म्हणाले, "त्याच्या फ्लॅटात मला कोणत्या खान्यात टाकणार, बाई? पत्ता बदलला की पत्र भटकतं. मी लई भटकलेली पत्रं बघितलीत."

एरवी मी दोन गोष्टी ऐकवल्या असत्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून तो मोह आवरला. पण मनाशी ठरवलं, म्हाताऱ्याला मदत करायची. पोरगा आला की घर असं लखलखीत दिसलं पाहिजे, की न्यायचं नावच काढणार नाही.

शुक्रवारी मी शाळेतून अर्धी रजा टाकली. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. दुसरी किल्ली माझ्याकडं असायचीच. मी पदर खोचून आत शिरले. चहापूड, गाळणं आणि कपबशा स्टोव्हजवळ होत्या, त्या लखलखीतच होत्या, त्यांना हात लावला नाही. फडताळातले पितळी डबे तेवढे काळवंडले होते. सगळे काढले, चिंचेनं घासले, पुसले आणि उंचीप्रमाणं ओळीनं मांडले. मोठे डावीकडं, लहान उजवीकडं. शाळेत कवायतीला पोरं उभी करतो तसे. लांब उभं राहून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

चाचा परतले ते अन्वरला घेऊनच. एसटी वेळेवर आली होती, दोघं कोपऱ्यावरच भेटले. मी मुद्दाम तिथंच घुटमळत राहिले, कौतुक व्हावं म्हणून. चाचा फडताळासमोर उभे राहिले. डबे सोन्यासारखे चमकत होते. चाचांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मला रागच आला. एवढं घासलं आणि या माणसाला त्याचं काही नाही.

"बैठो बाई, चाय पिऊन जा," एवढंच म्हणाले.

चहा त्यांनी झकास उकळला. स्वतःचा कप आधी गाळून बाजूला ठेवला, कारण मधुमेहामुळं ते बिनसाखरेचा घ्यायचे. मग अन्वरशी एसटीबद्दल बोलत बोलत, तोंड आमच्याकडंच ठेवून, त्यांचा हात फडताळाकडं गेला. वरून दुसरी ओळ, डावीकडून पहिला डबा. झाकण काढलं. आमच्या दोघांच्या कपांत दोन दोन चमचे पडले.

मी तासभर त्या डब्यांशी झटले होते. कुठल्या डब्यात काय आहे, हे मला पाठ होतं. डावीकडून पहिला, त्या ओळीतला सगळ्यांत मोठा, तो आता मिठाचा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाचांनी चमकणारे डबे पाहिलेच नव्हते. झिजू नये म्हणून जपलेला चष्मा, हातानं तोललेले कांदे, अंधारात बसणं, सगळं माझ्यासमोर एका रांगेत उभं राहिलं. हा माणूस चिक्कू नव्हता. याला दिसत नव्हतं. आणि मी, त्याला घरात राहता यावं म्हणून, त्याच्या हाताखालचं घरच हलवून ठेवलं होतं.

थांबा, म्हणावं, तर पोराला कळणार. न म्हणावं, तर पहिल्याच घोटात कळणार. मी कप उचलला.

अन्वरनं घोट घेतला. त्याचा कप तोंडाशीच राहिला. त्यानं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी डोळे खाली घातले आणि आणखी एक घोट घेतला. समुद्र पिणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"कशी झाली?" चाचांनी विचारलं. त्यांच्या लेखी ती परीक्षाच होती.

"अम्मीसारखी," अन्वर म्हणाला, आणि कप रिकामा केला. मग मीही केला.

"थोडी और?"

"नको," आम्ही दोघं एकदम बोललो.

कपबशा विसळतो म्हणून अन्वर उठला. मी बघत होते. पाठमोरा उभा राहून त्यानं एकेक झाकण आवाज न करता उघडलं आणि सगळे डबे पुन्हा जागच्या जागी लावले. त्याला आठवावं लागलं नाही. "साखर डावीकडं, मीठ उजवीकडं," माझ्याशी हळूच बोलला. "ही मांडणी अम्मीची."

म्हणजे ते पोस्टाचे खाने नव्हतेच. ते चाचींचे होते. त्या गेल्या, तरी त्यांनी ठेवलेल्या जागांवर चाचांचा हात रोज फिरत होता.

दुसऱ्या दिवशी अन्वर निघाला तो एकटाच. फाटकापाशी मी म्हटलं, "बाबा रे, ते मीठ माझ्यामुळं झालं. चाचांचा त्यात दोष नाही."

"ताई, मला दोन वर्षांपासून माहीत आहे. अब्बा पाकिटावर पत्ता लिहायचे तो छापल्यासारखा. आता पिनकोड तिकिटावर चढतो." तो जरा थांबला. "त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना मी परस्पर विचारलं. ते म्हणाले, डोळ्यांना आता औषध उरलं नाही. म्हणून न्यायलाच आलो होतो. पण काल चहा प्यायलो आणि वाटलं, तिकडं त्यांना माझी बायको चहा देईल. इथं ते मला देतात."

घरात येऊन मी थोडा वेळ रडले.

त्या संध्याकाळी मी पोरांच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन चाचांकडं गेले. ते नेहमीसारखे काळोखात. मी आत जाऊन बटण दाबलं. खटका त्यांना ऐकू आला.

"कायकू जाळता, बाई?"

"माझ्यासाठी, चाचा. पेपर तपासायचेत. घरी एकटीला कंटाळा येतो."

त्यांनी मान खटक्याच्या दिशेनं वळवली. मला वाटलं, आता बंद करा म्हणतील.

"कितीचा बल्ब हाय तो?"

"चाळीसचा."

"उद्या साठचा आणा," चाचा म्हणाले. "माणसासाठी जाळलेला उजेड फुकट नाय जात."