पाण्यातली जपमाळ

एव्हेलिओने अंगणातल्या 'पिला'च्या, म्हणजे धुण्याभांड्यांच्या सिमेंटच्या हौदाच्या, मधल्या टाकीत गळ्यापर्यंत डोकं बुडवलं आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या सासूबाई दोन्या ओतिलिया पाणी भरायला बाहेर आल्या.

'पिला'च्या कडेला कपडे धुवावेत, भांडी घासावीत. मधल्या टाकीतलं पाणी मात्र पिण्याचं. त्यात कुणी बोटही बुडवत नाही. तिथे जावयाचं अख्खं डोकं दिसल्यावर दोन्या ओतिलियांच्या हातातलं भांडं निसटलं.

"अगं माइरा, धाव! तुझ्या नवऱ्याने जीव दिला!"

एव्हेलिओ वर आला, पण श्वास इतका कोंडला होता की तोंडातून शब्द फुटेना. दुखणं तेच होतं. "पाण्यात तोंड असताना श्वास हळूहळू सोड," असं त्याच्या प्रशिक्षक ब्रेंडाबाई कानीकपाळी ओरडत. "कोंडून धरतोस, म्हणून घाबरतोस!" गेल्या वर्षी पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत तो तळ्यात घाबरला आणि त्याला बोटीत ओढून घ्यावं लागलं. तेव्हापासून त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा "बोट आहे का हो?" असं विचारून जाई. यंदा त्याला पाण्यातून आपल्या पायांनी बाहेर यायचं होतं. बाकी काही नको.

"आई, मी... पोहण्याचा... सराव..."

"टाकीत? मला नका शिकवू, जावईबापू. माझ्या मावसभावाचंही असंच सुरू झालं होतं!"

संध्याकाळपर्यंत राईचा पर्वत झाला. कुणी म्हणे दुकान बुडालं, कुणी म्हणे माइरा माहेरी निघाली. आता आईच तिच्या घरी राहायला असताना ती माहेरी जाणार कुठे, हे कुणी विचारलं नाही. माइरा जितकं समजावे, तितक्या बायका हळहळत, "बिचारी झाकतेय!"

दोन्या ओतिलियांचा सारा जन्म लोकांच्या मयताला प्रार्थना सांगण्यात गेला होता. त्यांनी फर्मान काढलं, "मेल्यावर नऊ दिवस म्हणायची, ती जपमाळ आधीच म्हणू. माणूस तरी वाचेल."

झालं! रोज संध्याकाळी अंगण शेजाऱ्यांनी भरू लागलं. कॉफी आली, पानात उकडलेले मक्याचे तमाले आले, आणि दोघी धट्ट्याकट्ट्या बायका टाकीवर पहाऱ्याला बसल्या. सराव साफ बंद. एव्हेलिओ सगळ्यांच्या पुढे गुडघ्यांवर, आणि सासूबाई त्याच्या मागे लागलेल्या.

"मध्येच श्वास काय घेता कोंबडीसारखा? माळेतली अख्खी 'नमो मारिया' प्रार्थना एका दमात सोडायची! मग श्वास!"

नवव्या दिवशी तो रडकुंडीला आला. "नाव काढून घेतो शर्यतीतून," तो म्हणाला.

"जाऊन तर बघा," माइरा म्हणाली. "बोट असेलच."

दुसऱ्या दिवशी शर्यतीत तळ्यात उडी पडली, कुणाची तरी लाथ बसली आणि एव्हेलिओचा श्वास पुन्हा छातीत अडकला. बोटवाल्याने त्याला ओळखून वल्ही उचललीच होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. एव्हेलिओच्या तोंडी नऊ दिवस घोटलेली 'नमो मारिया' आली. पाण्यातच त्याने ती एका दमात सोडली. बुडबुडेच बुडबुडे! मान वळली, श्वास आपसूक आत आला. पुन्हा नमो मारिया, पुन्हा श्वास. बोटवाला थोडा वेळ बघत राहिला आणि दुसऱ्या कुणाकडे गेला. एव्हेलिओला गॉगलच्या आत रडू आलं. आनंदाचं रडू होतं ते.

काठावर सगळे शेजारी उभे होते. न जाणो, म्हणून मेणबत्त्याही आणल्या होत्या. एव्हेलिओ लटपटत, पण आपल्या पायांनी बाहेर आला.

"आई! पाण्यात जपमाळ म्हटली! तिनेच तारलं!"

दोन्या ओतिलियांचे डोळे भरून आले. "पूर्ण म्हटलीत?"

"शेवटची थोडी राहिली. मध्येच काठ आला."

"मग टेका गुडघे. जपमाळ अर्धवट सोडत नाहीत."

"अहो आई, सायकल..."

"सायकल काय पळून जातेय?"

सायकल नव्हे, बाकीचे स्पर्धक पळून जात होते. एव्हेलिओने ओल्या अंगानेच गुडघे टेकले. सगळा काठ मागून म्हणू लागला. आमेन होताच तो उठून सायकलीकडे धावला, तेवढ्यात मागून आवाज आलाच.

"जावईबापू, चढावर दुसरी माळ सुरू करा! आणि मध्येच श्वास घेऊ नका!"