टेपचं दुसरं टोक

"हे घड्याळ चुकणं शक्यच नाही!" मोजणीदारांनी फोनवर छाती ठोकून सांगितलं.

"बाबा, ते डोंगर चढणाऱ्यांचं घड्याळ आहे," पलीकडून मुलगा म्हणाला. "उपग्रह काय, होकायंत्र काय! तुम्ही चालता बागेत. तेवढ्या किमतीत चार साधी घड्याळं आली असती."

"साध्या घड्याळाला अचूकता नसते!"

"आणि याला आहे कशावरून? आठ दिवसांत परत करता येतं ना? तपासा आणि कळवा. ठेवतो बाबा, बाहेर निघालोय."

फोन बंद झाला. बोलणं तीन मिनिटं बावन्न सेकंद झालं, असं घड्याळाने न विचारता सांगितलं. दर रविवारी एवढंच व्हायचं. बायको गेल्यापासून मोजणीदारांकडे मुलाला कळवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जेवलो, झोपलो, चाललो, याला अर्धं मिनिट पुरतं. पण आज मुलगा स्वतः म्हणाला होता, तपासा आणि कळवा! म्हणजे पुढच्या रविवारी निदान दहा मिनिटांची निश्चिंती! मोजणीदार शीळ घालत स्वयंपाकघरात गेले आणि सवयीने दोन कप चहा करून बसले.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. खोटा आकडा एकदाही लिहिला नव्हता. त्यासाठी दोन साहेबांशी भांडणं आणि तीन बदल्या झाल्या होत्या. शनिवारी सकाळी त्यांनी कपाटातला तीस मीटरचा पोलादी टेप काढला, लाल चिंध्या बांधलेल्या लोखंडी खुंट्या पिशवीत टाकल्या आणि ते बागेत पोचले. घड्याळ लावून एक फेरी मारली. चारशे बारा मीटर! आता टेपने ताडून पाहायचं.

आणि तिथेच घोडं अडलं. टेपला दोन टोकं असतात! नोकरीत दुसरं टोक शिपाई धरायचा. घरी बायको धरायची, आणि "सरळ धर गं" म्हटलं की मुद्दाम वाकडं धरायची. आता धरायला कोणीच नव्हतं. मोजणीदारांना एकदम फार एकटं वाटलं, आणि त्याचा राग त्यांनी बाकाच्या पायावर काढला. टोक त्यालाच करकचून बांधलं. ते बरोबर सत्तावीस मीटरवर सुटलं आणि चवताळून परत येताना त्यांची टोपी घेऊन गेलं! मग टोकावर दगड ठेवला, तर एका कुत्र्याने दगड सोडून टोकच पळवलं!

कुत्र्यामागे धावताना ते बागेच्या माळ्यावर आदळले. माळ्याने टेप पाहिला, लाल चिंध्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, बागेतून रस्ता जाणार का?"

घड्याळ तपासतोय, असं सरळ सांगायचं. पण निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत त्यांना कोणी 'साहेब' म्हटलं नव्हतं. तोंडातून चौतीस वर्षांचं जुनं वाक्य निसटलं.

"सध्या काही सांगता येणार नाही!"

झालं! दहा मिनिटांत बागभर झालं की रस्ता येतोय. पंधराव्या मिनिटाला तो चार पदरी झाला. विसाव्या मिनिटाला त्यावर पूलही आला! हसण्याचा व्यायाम करणारी मंडळी हसायची थांबून धावत आली.

"आमच्यासमोर मोजा!"

"एक इंचही देणार नाही!"

"टेप आम्ही धरणार!" असं म्हणत एका निवृत्त नर्सबाईंनी कुत्र्याच्या तोंडातून टोक ओढून घेतलं.

मोजणीदारांच्या अंगात वीज संचारली! टेप ताणायचा, टोकाशी खुंटी रोवायची, पुढे जायचं. मागून येणाऱ्या नर्सबाईंनी ती उपटून पर्समध्ये टाकायची. "ढिला सोडू नका बाई!" "मी कशाला सोडतेय, तुम्हीच ओढताय!" चाळीस माणसं मागे चालत होती. कितीतरी दिवसांनी मोजणीदारांशी कोणीतरी तावातावाने बोलत होतं. फेरी संपूच नये, असं त्यांना वाटत होतं. पण ती संपली.

"आता सांगा, रस्ता कुठून जाणार?"

खरं सांगावंच लागलं. मनगट पुढे करून त्यांनी पुटपुटत सांगितलं. त्यावर जो गलका उठला तो पूल पडल्यासारखा होता!

"मग निघालं का बरोबर तुमचं घड्याळ?" माळी वैतागून म्हणाला.

टेपवर चारशे बारा. घड्याळात चारशे बारा. बरोबर म्हटलं की खेळ खलास! मंडळी घरी जाणार, आणि उद्या फोनवरही एका शब्दात काम आटोपणार.

"फरक येतोय," ते म्हणाले. "चौदा मीटरचा! उद्या उलट्या बाजूने परत मोजावं लागेल. सकाळी सातला."

"आम्हाला दुसरी कामं नाहीत काय!" म्हणत सगळे पांगले.

रविवारी सकाळी सातला मोजणीदार टेप घेऊन हजर होते. माळ्याने त्यांना पाहून पाण्याची नळी दुसरीकडे वळवली. सव्वासात झाले. आयुष्यातला पहिला खोटा आकडा, आणि तोही वाया गेला! ते टेप गुंडाळू लागले, तेवढ्यात समोर नर्सबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पर्समधून खुंट्या काढून बाकावर मांडल्या.

"तेरा खुंट्या. म्हणजे तेरा वेळा तीस, आणि वरचे बावीस," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन दोनदा हिशेब केला. चारशे बाराच येतात!"

मोजणीदारांचे कान लाल झाले. "मग... तुम्ही आलात कशाला?"

"घरी तरी कोण आहे?" नर्सबाई म्हणाल्या आणि टेपचं टोक उचलून चालू लागल्या.

पाचव्या खुंटीपाशी मुलाचा फोन आला.

"बाबा, तपासलंत का? आहे का अचूक?"

"अजिबात नाही!"

"मी म्हणालो होतो ना! मग आजच परत करा."

"छे! आता तर ठेवणारच!" मोजणीदार ओरडले. "तू नंतर फोन कर रे बाळा, मी कामात आहे. बाई, टोक सरळ धरा!"

बोलणं चौदा सेकंद झालं होतं. घड्याळाने तसं दाखवलंही, पण पाहायला कोणाला वेळ होता?