शाहूवाडीच्या नांग्या

दिलदार मुल्लाणीनं तिसऱ्यांदा आकडेमोड केली, तरी शाहूवाडीचा आकडा खाली येईना. एक्स-रे मारलेल्या भाताचे वीस वाण कोल्हापुरात निम्मेअर्धे मेले होते, गारगोटीत कसेबसे जगले होते आणि शाहूवाडीच्या डोंगरात मात्र मूळ भाताच्याही वर गेले होते. विसाच्या वीस!

बियांत घडलेले नवे बदल रोपाला तारतात की मारतात, आणि जागा बदलली की त्यात किती फरक पडतो, हे संख्याशास्त्रानं काढायचं, असा त्याचा प्रबंध होता. चार वर्षं त्यात गेली होती. कापणीच्या आठवड्यात तो गारगोटीत अडकला, म्हणून शाहूवाडीचे आकडे वाफे राखणाऱ्या केरबानं पत्रानं कळवले होते.

त्याचे मार्गदर्शक माने सर मात्र हरखले. "दिलदार, हा शोध हाय, शोध! शुक्रवारी तुझं व्याख्यान. पुण्याचं पावणं बोलावल्यात मी."

"सर, आकडे जरा जास्तच चांगलं हाईत."

"चांगल्या आकड्याला नावं ठेवू नये."

दिलदारला चैन पडेना. जेवताना त्यानं भातात आमटीऐवजी चहा ओतला. गुरुवारी सकाळी पहिल्या एस्टीनं तो केरबाच्या दारात उभा राहिला.

"मामा, जादा खत घातलंसा काय?"

"छ्या! तुमी सांगितलं तेवढंच."

"मग रोपं मेली कशी न्हाईत?"

"मरायची ती मेलीच की! पर आमी नांग्या भरल्या न्हवं. आमच्या तानाबाईनं घरची रोपं आणून मोकळ्या जागी लावली."

"अवो, पण का?"

"का म्हंजे? रस्त्याकडंचं रान हाय. जाणारा-येणारा म्हणंल, केरबाला भात लावाय येत न्हाई."

दिलदार उंबऱ्यावरच बसला. केरबाची बायको तानाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "पेंढ्या हाईत अजून माळ्यावर," ती म्हणाली. "आमच्या भाताला लाल कुसळं असत्यात, तुमच्याला न्हाईत. निवडायचं तर निवडा."

तिघं दिवसभर लोंब्या निवडत बसले. घरचा भात वेगळा काढल्यावर नव्या वाणांची खरी गत कळली. तिन्ही जागांत त्यांचे हाल शाहूवाडीतच सगळ्यांत वाईट होते.

"एक इचारू?" केरबा म्हणाला. "मरणार म्हाईत हुतं, तर लावलीसा कशाला?"

"किती मरत्यात ते बघायला."

केरबा बायकोकडं बघतच राहिला.

शुक्रवारी दिलदारनं भर सभेत सगळं खरं सांगून टाकलं. माने सर छताकडं बघत होते. पुण्याचे पाहुणे मात्र कान देऊन ऐकत होते, मधूनमधून टिपणंही घेत होते. व्याख्यान संपल्यावर ते लगबगीनं दिलदारकडं आले.

"फार महत्त्वाचं काम," पाहुणे म्हणाले आणि त्यांनी वही पुढं केली. "त्या तानाबाईंचा पत्ता द्या. तो कुसळाचा भात मिळेल का थोडा?"