कदमबाईंचे फसलेले तास

कदमबाईंचं उभ्या तालुक्यात एकाच बाईशी पटत नाही, आणि ती बाई म्हणजे त्या स्वतः.

शाळा सुटली की आम्ही दोघं डोंगरकड्याहून काळ्या-पिवळ्या जीपनं निघतो. बाई कळमनुरीला उतरतात, मी पुढं हिंगोलीला जातो. जीप हलली की बाई पिशवीतून मोबाईल काढतात, आवाज मोठा करतात आणि त्या दिवशीचा स्वतःचा तास लावतात. प्रवासात लोक गाणी ऐकतात, कुणी कीर्तन ऐकतं. कदमबाई भागाकार ऐकतात. मोबाईलमधल्या बाई "सांगा बरं, सांगा बरं" करत असतात आणि जीपमधल्या बाई दात-ओठ खात पुटपुटतात, "आता गप बस की बये. सांगू दे त्याला." नवखा प्रवासी असला तर तो अंग चोरून बसतो. त्याला वाटतं, फोनवर जावाजावांचं काहीतरी चाललंय.

आमची शाळा द्विशिक्षकी. म्हणजे एक कदमबाई आणि एक मी. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी बाईंकडं. मधे एक भिंत आहे, पण बाईंच्या आवाजाला ती कधीच आडवी आली नाही. माझ्या दुसरीतल्या पोरांना चौथीचे पाढे येतात, ते त्या भिंतीमुळं. साहेब मंडळी त्याचं श्रेय मला देतात आणि मी ते घेतो. बाईंचं माहेर शिरड शहापूरचं, घरी शेती. रानातून रानात हाका मारायची लहानपणापासूनची सवय.

हे तास ऐकण्याचं खूळ एका ऑनलाइन प्रशिक्षणातून आलं. शेवटी प्रत्येकानं आपल्या अध्यापनावर चिंतन लिहून अपलोड करायचं होतं. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांनी एकच चिंतन अपलोड केलं. ते मुळात कुणी लिहिलं हे आजवर कळलेलं नाही. त्यात 'माझ्या अध्यापनात आमूलाग्र बदल झाला' असं होतं, आणि घाईघाईत काही पुरुष शिक्षकांनी 'एक महिला शिक्षिका म्हणून मला वाटते' हे वाक्यही तसंच ठेवलं. मी त्यातलाच एक. कुणी विचारलं नाही, कारण कुणी वाचलं नाही.

कदमबाईंनाही मी ते पाठवलं. त्या म्हणाल्या, "सर, चिंतन करायचं म्हनल्यावर आदी बगावं लागंल ना, आपून काय करून राहिलो ते." आणि त्यांनी मोबाईल चालू करून टेबलावरच्या खडूच्या डब्यात उभा केला.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या त्या उतरलेला चेहरा घेऊनच. डबाही उघडला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "सर, ती बाई सवाल इचारते अन् उत्तर बी तीच देते. मग लेकरं काहून येऊन राहिलेत शाळेत?"

"कोणती बाई?"

"मी."

तिथून पुढं बाईंनी शिक्षकांच्या ग्रुपवर आपले तास टाकायला सुरुवात केली. आता हा ग्रुप म्हणजे यशाचा नुसता पूर. रोज कुणाची तरी शाळा डिजिटल होते, कुणाचं मूल फाडफाड इंग्रजी बोलतं, कुणी टाकाऊपासून टिकाऊ करतं आणि ते शाळेतच टाकून देतं. त्या पुरात बाईंचे संदेश यायचे. "आज हातचा फसला. खाली ऐका." किंवा, "'माझी आई' निबंधात सगळ्या लेकरांच्या आया गोऱ्यापान अन् प्रेमळ निघाल्या. चूक माझी. नमुना म्याच सांगितला होता." आणि खाली तासाचा आवाज.

लगेच फुलं पडायची. जोडलेले हात, टाळ्या, पुष्पगुच्छ. 'अतिशय स्तुत्य उपक्रम, मॅडम.' 'खूप छान सादरीकरण.' ऐकायला वेळ कुणाला होता? तासाचा आवाज ग्रुपवर पुरता चढायच्या आत अभिनंदन हजर असायचं.

दुसऱ्या कुणी ती फुलं घेतली असती. बाई फोन लावायच्या. एकदा जीपमध्ये माझ्या शेजारी बसून त्यांनी एका गुरुजींना धरलं.

"गुरुजी, तुमी छान म्हनलात. काय छान वाटलं?"

"नाही म्हणजे मॅडम, एकंदरीत."

"एकंदरीत म्हंजे कुठं?"

"शेवट फार छान केलात."

"शेवटी मोबाईल खाली पडला व्हता, गुरुजी."

गुरुजींना त्याच क्षणी रेंज मिळेनाशी झाली. त्यानंतर बाईंच्या संदेशाखाली लोक नुसते हात जोडू लागले. जोडलेल्या हातांना 'काय छान वाटलं' असं विचारता येत नाही.

जीपमधला श्रोता मात्र पळून जाऊ शकत नव्हता. बाळापूरला केळीच्या धंद्यातला एक झुपकेदार मिशांचा गडी रोज चढायचा. एके दिवशी मोबाईलमधल्या बाईंनी विचारलं, "एक भाकर चौघांत वाटली, तर एकाला किती?" गड्यानं मान वर केली, ओठ उघडले, आणि तेवढ्यात मोबाईलमधल्या बाईच म्हणाल्या, "पाव. म्हणा, पाव." पोरं म्हणाली, "पाव."

गड्याचा चेहरा पडला. "बाई, मला येत व्हतं," तो म्हणाला. "सांगू तर द्याचं."

"तेच तर म्हन्ते मी," बाई म्हणाल्या. "लई तकलीफ हाय बगा त्या बाईची."

दुसऱ्या दिवसापासून तो गडी प्रश्न आला की दोन बोटं वर करू लागला, आणि बाई मोबाईल थांबवून त्याला उत्तर देऊ द्यायच्या. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघायचा. मी खिडकीबाहेर हळदीची रानं बघायचो. हळूहळू मोबाईलमधल्या बाई कमी बोलायला लागल्या, हे मात्र माझ्याही लक्षात आलं. प्रश्नानंतर आता नुसतं पंख्याचं घरघरणं ऐकू यायचं. ड्रायव्हरला वाटायचं, फोन बंद पडला.

सगळं बिघडलं ते साहेबांच्या भेटीनं. विस्तार अधिकारी साहेब शाळेत आले, चौथीला प्रश्न विचारले, पोरांनी धडाधड उत्तरं दिली. साहेब खूष झाले. शेरेबुकात चांगला शेरा मारला, माझी पाठ थोपटली, बाईंना नमस्कार केला आणि गेले. संध्याकाळी ग्रुपवर बाईंचा संदेश आला. "आज साहेबांनी तपासणी केली. लेकरांनी सगळी उत्तरं बिनचूक दिली. एकालाबी समजलेलं नाही. पाठ म्या करून घेतली होती. साहेबांना ओळखू आलं नाही, इतकी चांगली पाठ झाली होती. चूक माझी."

त्या संदेशाखाली एकही फूल पडलं नाही. आणि त्या दिवशी, ग्रुपच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच, सगळ्यांनी संदेश शेवटपर्यंत वाचला.

पुढच्या बैठकीत साहेबांनी बाईंना उभं केलं. साहेब तसे वाईट नाहीत, पण त्या दिवशी त्यांना चहासुद्धा गोड लागला नसावा. म्हणाले, "मॅडम, हा ग्रुप यशोगाथांसाठी आहे. ही फसगाथा कशाला?"

"यश आलं की टाकते ना, साहेब," बाई म्हणाल्या. त्या गांभीर्यानं बोलत होत्या. तीच पंचाईत होती.

बैठक संपल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही त्यांचे सहकारी. सोमवारपर्यंत सगळं काढून टाकायला सांगा. नाहीतर मला नोटीस द्यावी लागेल, आणि ह्या वयात त्यांना नोटीस देणं मलाही बरं वाटणार नाही."

म्हणून रविवारी मी कळमनुरीला बाईंच्या घरी गेलो. इतकी वर्षं एका शाळेत, एका जीपमध्ये, पण त्यांच्या घराची पायरी मी चढलो नव्हतो. वाटेत भाषण तयार केलं. 'बाई, तुमचा हेतू चांगला आहे' इथून सुरुवात, मधे नोकरीची राहिलेली वर्षं, शेवटी पेन्शन. आवाज कुठं खाली आणायचा तेही ठरवलं होतं.

गल्लीत शिजवलेल्या हळदीचा वास होता. ओसरीवर खुर्चीत बाईंचे यजमान बसले होते. कदम गुरुजी, बाईंसारखेच शिक्षक, निवृत्त. 'गुरुजींची तब्येत बरी नसती' एवढंच बाई कधीतरी बोलल्या होत्या आणि मी 'काळजी घ्या' म्हणून विषय संपवला होता. आता पाहिलं, तर त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता आणि तोंड एका बाजूला ओढलेलं होतं.

बाईंनी मला बसायला पाट दिला. मी घसा साफ करून "बाई, तुमचा हेतू" एवढं म्हणालो असेन.

"पुसलं, सर," बाई म्हणाल्या. "सकाळीच पुसलं."

"सगळं?"

"सगळं. नोटिसा घेऊन कोन बसतं? ह्येन्ला दवाखान्यात न्यायचं का साहेबाकडं चकरा मारायच्या?"

माझं भाषण फुकट गेलं. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं, पेन्शनचा भाग बरा जमला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग इतके दिवस टाकत कशाला होतात?"

बाई आत जाऊन चहाचं आधण ठेवून आल्या. उंबऱ्यात बसल्या. त्यांचा आवाज, जो भिंतीला ऐकत नाही, तो त्या दिवशी मला कान देऊन ऐकावा लागला.

"आदी हे इचारायचे. मी भाकरी टाकायची अन् हे चुलीपाशी बसून म्हनायचे, आज काय शिकवलं ते सांग. मी सांगू लागले की चुका काढायचे. लई राग यायचा मला. म्हनायची, तुमची तपासनी आली. मग ह्येन्ला झटका आला. बोलनं गेलं." त्यांनी आत आधणाकडं नजर टाकली. "मला वाटलं, इतके शिक्षक हायेत त्या ग्रुपवर. कोनी तरी एखादी चूक काढंल. तर सगळे फुलंच टाकून राहिले."

मी फुलं टाकणाऱ्यांतलाच होतो.

चहा आला. गुरुजींना बाईंनी डाव्या हातात कप दिला. गुरुजी माझ्याकडं बघत होते. त्यांचे ओठ हलले, "शा…" असं काहीतरी आलं आणि अडकलं. मी पटकन म्हणणार होतो, 'शाळा ना? शाळा छान चाललीय.' तेवढ्यात बाईंनी माझ्यापुढं तळहात धरला.

"शब्द द्यायचा न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "डाक्टरनं सांगितलंय. मला लई जड गेलं हे. पयले मीच ह्येंचं सगळं बोलून टाकायची."

आम्ही दोघं थांबलो. बाहेरून हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला, तरी आम्ही थांबलेलोच होतो. "शाळेत," गुरुजी म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं, "काय… शिकवलं?"

बाई सांगू लागल्या. शनिवारी त्यांनी ओलं लुगडं शाळेत आणून उन्हात वाळत घातलं होतं, आणि ते वाळल्यावर विचारलं होतं की पाणी कुठं गेलं. एक पोरगी म्हणाली, सूर्याला तहान लागली होती. एक म्हणालं, वारा खिशात घालून घेऊन गेला. ही सगळी लेकरं आधी माझ्या वर्गात दोन-दोन वर्षं होती. त्यांच्या तोंडून असं काही निघू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

"अन् ते मागं बसनारं बारकं पोरगं हाय ना, ते म्हनलं, पानी लुगड्यातच हाय, झोपलंय. म्या म्हनलं, बरं, बस."

गुरुजींनी कप खाली आणला. ओठ जुळेनात, कपाळावरची शीर फुगली. बाई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या, पण एक अक्षर बोलल्या नाहीत.

"काहून," गुरुजी म्हणाले. "काहून न्हाई… इचारलं… त्याला… काहून?"

ते पोरगं तसं का म्हणालं, हे विचारायचं खरंच राहिलं होतं, हे बाईंच्या तोंडावर दिसलं. मग त्या उसळल्या.

"घंटा झाली व्हती, म्हनून न्हाई इचारलं. तुमाला काय जातं घरी बसून चुका काढायला? वर्गावर येऊन बगा एकदा, मग कळंल." असं म्हणत म्हणत त्यांनी गुरुजींच्या हातातला कप काढून घेतला, आणि त्यांच्या हनुवटीवर ओघळलेला चहा आपल्या पदरानं पुसला.

मी हळूच उठून चपला घातल्या. 'या' म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही.