नानांचा स्पॅनिश भविष्यकाळ

आमच्या शेजारच्या नाना मुळ्यांना कुणी "उद्या येतो" म्हटलेलं खपत नसे. म्हणणारा न्हावी असो, कौलं परतायला येणारा गडी असो, नाहीतर कचेरीतला कुणी बडा अंमलदार असो, नाना त्याला जागच्या जागी थांबवत आणि विचारत, "काळ कोणता?"

समोरचा गांगरून जाई. मग नाना त्याला समजावत. 'येतो' हा वर्तमानकाळ. उद्याचं काम तू वर्तमानकाळात बोलून टाकलंस, म्हणजे तुझ्यापुरतं ते आजच उरकलं. मग उद्या तू कशाला येतोस? 'येईन' म्हण. "आलोच" म्हणणाऱ्यांवर तर त्यांचा विशेष राग. जो अजून पाटावरून उठलेला नाही तो भूतकाळात येऊन पोचलासुद्धा, असं ते म्हणत. न्हावी बिचारा "येईन" म्हणून जाई आणि तरीही येत नसे. नाना वाढलेली दाढी खाजवत बसत आणि निदान व्याकरण तरी शुद्ध झालं म्हणून समाधान मानत.

मी देवरूखहून लग्न होऊन रत्नागिरीत आले ती मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी. आमचे हे हायस्कुलात इंग्रजी शिकवत. आमच्या आणि नानांच्या परसात एक कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा होता, आणि त्यावरून वाटी, आमटी आणि बातमी यांची दिवसभर ये-जा असे. नाना कोर्टातून शिरस्तेदार म्हणून पेन्शनीत निघालेले. बायको बाळंतपणात गेली, तेव्हा मागे राहिलेला मुलगा सदू त्यांच्या थोरल्या विधवा बहिणीनं, आक्कानं, वाढवला. सदू मोठा झाला, मुंबईला रेशमी कापडाच्या एका पेढीत लागला, पेढीनं त्याला थेट पनामाच्या दुकानात धाडला, आणि तिथं त्यानं तिथल्याच एका ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं. तेव्हापासून नानांच्या घरात सदूचं नाव निघत नसे. हे सगळं मला पहिल्याच आठवड्यात आळीतल्या प्रत्येक बाईनं, दुसऱ्या कुणी सांगितलेलं नसणार अशा खात्रीनं, सांगितलं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर नाना आमच्याकडे आले आणि ह्यांना म्हणाले की, मुंबईहून स्पॅनिश भाषेचं इंग्रजीतलं एक व्याकरण मागवून द्या. संस्कृत झालं, इंग्रजी झालं, आता वेळ रिकामा आहे. पनामात लोक काय बोलतात हे आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ह्यांना असावं. त्यांनी त्याच दिवशी मुंबईला पत्र टाकलं. पुस्तक आलं.

नानांनी ते कोर्टाच्या कागदांसारखं आधी शेवटापासून चाळलं, आणि सगळं बाजूला ठेवून भविष्यकाळाच्या धड्याला हात घातला. त्या धड्यावर ते इतके खूष झाले की गडग्यापाशी येऊन मलाच शिकवू लागले.

"हे बघ मुली, आपण 'करणे'चं 'करीन' करताना आधी 'णे' तोडतो. हे लोक काही तोडत नाहीत. अख्खं क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं आणि मागं शेपूट लावायचं. कोमेर म्हणजे जेवणे. कोमेरे, मी जेवीन. कोमेरास, तू जेवशील. कोमेरा, तो जेवेल. क्रियापद कुठल्याही जातीचं असो, शेपटं तीच. सगळ्यांना एकच पंगत."

मी म्हटलं, बरंच सुधारलेले दिसतात. तेव्हा नानांनी खालच्या आवाजात कबूल केलं की डझनभर क्रियापदं नाठाळ आहेत, ती मधेच एखादं अक्षर गिळतात. पण त्यांचीही शेपटं तीच.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे स्नान झाल्यावर नाना तुळशीपाशी उभे राहून रूपं म्हणू लागले, आणि तीही लहानपणी पाठ केलेल्या 'रामः रामौ रामाः'च्या चालीवर. ए, आस, आ, एमोस, एइस, आन. आळीला वाटलं, नानांनी कुठलासा जबरदस्त मंत्र घेतला. पलीकडची एक बाई रात्रंदिवस रडणारं पोर घेऊन त्यांच्या ओटीवर आली आणि मंत्र घाला म्हणाली. नानांनी तिला परोपरीनं सांगितलं की हे व्याकरण आहे. ती हलेना. शेवटी त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवून 'झोपणे' हे क्रियापद भविष्यकाळात सहाही रूपांत चालवलं. पोर झोपलं. त्यानंतर महिनाभर नानांच्या ओटीवर रडकी पोरं येत राहिली, आणि नानांचं ते क्रियापद भलतंच पक्कं झालं.

नाठाळ क्रियापदांनी मात्र घरात गोंधळ घातला. 'मी येईन'ला स्पॅनिशमध्ये बेन्द्रे म्हणतात. नाना झोपाळ्यावर बसून एकसारखं "बेन्द्रे, बेन्द्रे" घोकत होते. आक्काचे कान थोडे जड. तिनं स्वयंपाकघरातून विचारलं की हे कोण बेंद्रे, आणि जेवायला आहेत का. नाना घोकण्यात गुंग, ते म्हणाले, "येईन." आक्कानं ते 'येईल' असं ऐकलं, मूठभर तांदूळ जास्त वैरला, पान मांडलं आणि दोन वाजेपर्यंत स्वतः उपाशी बसून राहिली. पुढं कितीतरी दिवस तिचं त्या बेंद्र्यांबद्दलचं मत वाईट होतं.

'मी करीन'ला म्हणतात आरे. एकदा नाना बैलगाडीत बसून पेन्शन आणायला निघाले आणि वाटभर "आरे, आरे" म्हणत राहिले. गाडीवान भला माणूस. म्हाताऱ्याचा विचार बदलला असं समजून त्यानं गाडी आरे-वारे या गावांच्या वाटेला लावली. नानांनी मान वर केली तेव्हा शिरगाव मागं पडलं होतं. गाडीवानाला रागावावं तर चूक त्याची नव्हती. त्यानं सांगितलेलं काम वर्तमानकाळात केलं होतं.

उच्चार तपासायला त्यांनी व्हायोलिन दुरुस्त करणारे एक गोवेकर मास्तर गाठले. मास्तरांना पोर्तुगीज येत असे. ते म्हणाले, 'मी जेवीन'ला कोमेरे नव्हे, कोमेरेइ म्हणायचं. नाना पुस्तक दाखवीत, मास्तर आपली आई कसं म्हणे ते सांगत. त्या एका 'इ'वरून दोघं आठवडाभर बोलत नव्हते. मग मास्तरच पाव घेऊन आले आणि समेट झाला.

एवढं सगळं शिकले, पण नाना ना पुढच्या धड्याकडे वळत, ना मागच्या. मी एकदा म्हटलं, नाना, झालं-गेलं सांगायला भूतकाळ नको का? ते गडग्यावरची एक शेवाळलेली चीप नखानं खरवडत म्हणाले, "तो नंतर बघीन."

शिमगा झाला आणि एका दुपारी गडग्यापलीकडून नानांचा आवाज आला. एरवी आक्कासाठी ते मोठ्यानं बोलत. त्या दिवशी हळू बोलत होते, आणि आक्का पुन्हापुन्हा, "काय म्हणालास?" असं विचारत होती. शेवटी त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं. म्हणून ते मलाही कळलं.

सदू गेला होता. तापानं, आदल्या पावसाळ्यात. पेढीवरचा एक माणूस दिवाळीत मुंबईला आला होता, तो मुद्दाम आगबोटीनं रत्नागिरीला येऊन नानांना बंदरावरच सांगून गेला. सदूच्या मागं बायको आणि पाच वर्षांची मुलगी होती, आणि तिकडं त्यांना जवळचं कुणी उरलं नव्हतं. नानांनी त्याला तिथंच सांगितलं, पेढीची माणसं देशी परततील तेव्हा त्या दोघींनाही आणा. मग ते घरी आले आणि जेवले. आक्काला सांगायचं धैर्य होईना. त्याऐवजी त्यांनी स्पॅनिश शिकायला घेतलं होतं.

आक्का रडल्याचं मला ऐकू आलं नाही. तिनं विहिरीवर जाऊन डोक्यावरून घागरीमागून घागर ओतून घेतली. मग ओलेत्यानंच तिनं नानांना बजावलं, "ती बाई या घरात आली की मी हेदवीला भाच्याकडे जाईन." नानांनी मान हलवली. वाक्य व्याकरणशुद्ध होतं.

वैशाखात आगबोट आली. त्या वेळी बोट लांब समुद्रात उभी राही आणि उतारूंना पडावातून धक्क्यावर आणत. नानांनी मला बरोबर घेतलं होतं, बाईमाणूस सोबत असावं म्हणून. पडावातून मार्ता उतरली. काळा झगा, उन्हानं रापलेला चेहरा, आणि हाताला रोसा. रोसाचं कपाळ, हे आळीनं पुढं एकमतानं ठरवलं, सदूचंच होतं.

नाना पुढं झाले. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि सहा महिने घोटलेली वाक्यं एकामागून एक म्हटली. कोमेरास. दोर्मिरास. बिबिरास आकी. तू जेवशील. तू झोपशील. तू इथं राहशील.

मार्ता त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिचा बांध फुटला. हुंदके देत, हातवारे करत, ती भराभरा कितीतरी बोलत सुटली. नाना कान देऊन ऐकत होते. एकही शब्द हाती लागत नव्हता. अखेर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मुली, ही सगळं भूतकाळात बोलते आहे."

घरी आलो तर आक्काचं गाठोडं ओटीवर बांधून ठेवलेलं. रोसा ओटीवर चढली ती थेट त्या गाठोड्यावर बसली आणि पोट धरून काहीतरी म्हणाली. नाना अर्थ सांगणार तोच आक्का म्हणाली, मला कळतंय, पोर उपाशी आहे. तिनं मऊ भात, तूप आणि मेतकूट कालवून त्या पोरीला स्वतःच्या हातानं भरवलं. मग विहिरीवर जाऊन स्नान केलं. संध्याकाळी पुन्हा भरवलं आणि पुन्हा स्नान केलं. मार्तासाठी पडवीत वेगळी चूल मांडली गेली. पण रोसा दिवसातून तीनदा भरवून घेई, त्यामुळं आक्काची स्नानं वाढत गेली आणि हेदवी राहून गेली. पावसाळ्याआधी तिला पडसं झालं तेव्हा तिनं दोन स्नानं कमी केली, आणि ती पुन्हा कधीच वाढली नाहीत.

त्याच सुमाराची गोष्ट. आम्ही नानांच्या परसात फणसपोळी वाळत घातली होती. नाना आणि रोसा काठी घेऊन खालच्या पायरीवर कावळे राखत बसले होते, मी गडग्याशी उभी होते. रोसानं मधेच विचारलं, "दोंदे एस्तारा पापा?"

मलाही आता थोडं कळत होतं. तो प्रश्न रूपानं भविष्यकाळातला होता, पण उद्याचा नव्हता. स्पॅनिश लोक अंदाज करतानाही तेच रूप वापरतात, अगदी आपल्या 'असेल'सारखं. बाबा आता कुठं असेल?

नानांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "एस्तारा ब्येन." बरा असेल.

तिनं विचारलं, त्याला भूक लागली असेल का? "नो," नाना म्हणाले, नसेल लागली. झोपला असेल का? असेल. तिनं बरंच काही विचारलं आणि नानांनी एकही रूप न चुकता सगळ्याची उत्तरं दिली. रोसाचं समाधान झालं. ती कावळ्यामागं धावली.

आक्का दारात येऊन उभी होती. पोर एवढं काय विचारते, असं तिनं विचारलं.

"सदूची चौकशी करते आहे."

"मग तू काय सांगितलंस?"

"बरा आहे, म्हटलं," नाना म्हणाले.

आक्का पायरी उतरून खाली आली, पदरानं पायरी झाडली, आणि नानांच्या शेजारी बसली.