कुलपाआधी आकडा

शंकरअप्पा कुणाकडेही गेले की आधी विजेच्या मीटरकडे बघतात. त्यातला लाल दिवा लुकलुकत असेल तरच बेल वाजवतात. "दिवा मिचकावतोय म्हंजे आत माणूस हाय."

अप्पा सरकारी जमिनींच्या भाडेपट्ट्यांचे कारकून. पट्टा रद्द झाला की सील ठोकायला जाणाऱ्यांतले. म्हणजे माझ्यासारख्या चळवळीतल्या पोरीचे वर्गशत्रू. शिवाय जुळे सोलापुरात आमची भिंतही एकच.

पार्वतीबाईंच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा रद्द झाला. गुन्हा काय, तर पुढची खोली न विचारता एका शिंप्याला भाड्यानं दिली. मी पत्रकं घेऊन दारात उभी. मथळा होता : 'जमीन जनतेची, मग बाई कुणाची?'

साहेब कुलूप लावणार, तोच अप्पा आडवे आले. "कुलपाआधी आकडा, साहेब."

विजेच्या, पाण्याच्या मीटरचा आकडा पंचनाम्यात चढला. बाईंच्या प्रतीला कागदच उरला नाही. अप्पांनी माझं पत्रक उलटं केलं. "मागची बाजू कोरी हाय की." वर पंच म्हणून सही माझीच घेतली. ज्या कारवाईविरुद्ध मी घसा फोडत होते, तिचीच मी साक्षीदार. आठवडाभर मी अप्पांशी बोलले नाही.

चार महिन्यांनी पार्वतीबाई रडत आल्या. सील ठोकलं, पण वीज कुणी तोडलीच नव्हती. शेजारच्या टपरीनं तिथूनच तार ओढून दिवे लावले, आणि बिल बाईंच्या नावानं फुगत गेलं. ते भरल्याशिवाय सीलमागची गिरणीची मोटर मिळणार नव्हती. नव्या गिरणीसाठी मंद्रूपला खोली घेऊन ठेवलेली, मोटरच अडकलेली.

अप्पांनी बाईंकडचं ते पत्रक साहेबांपुढे ठेवलं. "कुलपापर्यंतची थकबाकी बाईची. ती अनामतीतनं वळती करा. फुडचं बिल ज्याची जागा त्याचं, म्हंजे आपलं." आकड्यापर्यंत पोचायला साहेबांना आधी माझा मथळा वाचावा लागला. मोटर सुटली.

परवा दुपारी मंद्रूपच्या पहिल्या दळणाचं ज्वारीचं पीठ घेऊन अप्पांकडे गेले. भर उन्हात स्वयंपाकघरातला बल्ब चालू. मी तत्त्व म्हणून बंद केला.

"राहू दे, पोरी. तुझी काकू गेल्यापासनं फ्रिजबी बंद हाय. कामावरनं आलो की मीटर नुसता गप."

मी बटण पुन्हा दाबलं. बाहेर जाऊन बघून आले.

"मिचकावतोय, अप्पा."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि पिठाचा डबा आत, काकूंच्या फळीवर ठेवून आले.